घोटाघोटाचा हिशेब

वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेची तारीख ठरली, की रुग्णालयातून परतताना फाइलमध्ये आहारतज्ज्ञांनी दिलेला एक कागद असतो. शस्त्रक्रियेपूर्वीचे साधारण दोन आठवडे आणि नंतरचे साधारण दोन आठवडे, या दोन्हींपुढे त्यावर एकच शब्द लिहिलेला असतो : द्रव आहार. जैन घरात हा कागद वाचला जातो तेव्हा पहिली भावना बहुधा निश्चिंततेची असते. ज्या घरात आजीची अठ्ठाई झाली आहे, काकूंचे वर्षीतप पार पडले आहे, शाळकरी नातूसुद्धा संवत्सरीला हट्टाने उपवास धरतो, त्या घराला पातळ पदार्थांवर पंधरा दिवस काढणे ते काय अवघड? "आपल्याला सवय आहे, काळजी करू नकोस," असे सासूबाई सुनेला सांगतात, आणि त्यात खोटे काहीच नसते.

तरीही अडचण नेमकी तिथूनच सुरू होते. उपवासात सोडायचे असते. या आहारात घ्यायचे असते. भूक नसताना, चव लागत नसताना, घड्याळाकडे पाहून, मापाने आणि न चुकता घ्यायचे असते. तपश्चर्येत मुरलेल्या माणसाला न खाणे साधते. पण दर पंधरा मिनिटांनी दोन चमचे पाणी पिण्याचा नेम त्याने कधी केलेला नसतो. द्रव आहार हा उपवासाचा सौम्य प्रकार नसून शस्त्रक्रियेचाच एक भाग आहे, ही गोष्ट आधी उमगली तर व्रत-नियमांची घडीही नीट बसवता येते. नंतर उमगली तर कधीकधी सलाईनच्या बाटलीखाली उमगते.

यकृताचा अडसर

शस्त्रक्रियेपूर्वीच्या द्रव आहाराविषयी एक समज सर्रास आढळतो : वजन थोडे आधीच उतरावे, म्हणून हा खटाटोप. वजन उतरते हे खरे. परंतु मुख्य कारण वेगळे आहे. जठराच्या वरच्या भागावर यकृताचा डावा खंड पसरलेला असतो. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत पोटावरील लहान छिद्रांतून उपकरणे आत जातात, आणि जठरापर्यंत पोहोचण्यासाठी शल्यचिकित्सकांना हा खंड उचलून धरावा लागतो. स्थूल व्यक्तीचे यकृत चरबीने फुगलेले, जड आणि ठिसूळ झालेले असते. ते उचलताना फाटून रक्तस्राव होऊ शकतो, किंवा त्याच्या आडून जठर नीट दिसतच नाही. क्वचित प्रसंगी शस्त्रक्रिया थांबवावी लागते किंवा पोट उघडून करावी लागते.

मद्याला स्पर्श न करणाऱ्या घरांत यकृतावर चरबी चढतेच कशी, असा प्रश्न अनेकांना पडतो. गादीवर बसून दहा-दहा तास काम, येणाऱ्या प्रत्येक ग्राहकासोबत साखरेचा चहा, सोबतीला फरसाण, लग्नसराईत मिठाईची ताटे. यकृताला मद्याची गरज पडत नाही. साखर, मैदा आणि तुपातेलाची अतिरिक्त आवक त्याला पुरते.

दोन आठवडे दिवसाकाठी ८०० ते १००० कॅलरींच्या आसपास, पिष्टमय पदार्थ कमी आणि प्रथिने पुरेशी अशा आहारावर राहिले, की यकृत आपला साठा वापरू लागते. हा साठा ग्लायकोजेनच्या रूपात असतो आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेले असते. साठा सरला की पाणीही निघून जाते, पाठोपाठ चरबी घटते आणि यकृत आकसते, मऊ होते. ज्यांचे वजन फार जास्त असते त्यांना हा आहार आणखी काही आठवडे सांगितला जातो. आता आदल्या संध्याकाळी मामांकडे पुरणपोळीचे निरोपाचे जेवण आणि मधल्या रविवारी साखरपुड्याचे श्रीखंड असे झाले, तर पंधरा दिवसांचे काम दोन पंगतींत बरेचसे उलटते. मोह चुकला तरी कोणाला कळणार, असे रुग्णाला वाटते. शल्यचिकित्सकांना ते दुर्बिणीच्या पडद्यावर दिसते.

दुसरे टोकही तितकेच धोक्याचे. "द्रव आहारापेक्षा उपवासच करतो, यकृत आणखी लवकर उतरेल," असा विचार तपाची सवय असलेली माणसे करतात. संपूर्ण उपवासात प्रथिने मिळत नाहीत, म्हणून शरीर स्वतःचे स्नायू मोडू लागते. आणि ज्या स्नायूंच्या आधारे जखम भरायची, श्वास घ्यायचा, दुसऱ्या दिवशी चालायचे, तेच अशक्त होतात. मधुमेह असेल तर प्रश्न अधिक गंभीर. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या नेहमीच्या मात्रेत चालू ठेवून आहार एकदम घटवला तर रक्तातील साखर धोकादायकरीत्या खाली जाते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातील गोळ्यांची गोष्ट याहून फसवी आहे. त्या चालू असताना अन्न तुटले तर रक्तात आम्ल साचू शकते, आणि त्या वेळी साखरेचा आकडा जवळजवळ नेहमीसारखाच दिसत असल्याने घरच्यांना शंकाही येत नाही. या गोळ्या शस्त्रक्रियेपूर्वी किमान तीन-चार दिवस बंद करायच्या असतात. म्हणून द्रव आहार सुरू होण्याच्या पहिल्या दिवसापासून कोणती गोळी किती घ्यायची, हे मधुमेहाच्या डॉक्टरांकडून लिहूनच घ्यावे.

केवळ द्रव आहे म्हणून कोणतेही पेय अन्नाची जागा घेत नाही, हा धडा अमेरिकेने १९७०च्या दशकात फार मोठी किंमत देऊन घेतला. १९७६ साली तेथे 'लास्ट चान्स डाएट' नावाचे पुस्तक गाजले. त्यामागे एक द्रव प्रथिन पेय होते. दिवसाला ४०० कॅलरींहूनही कमी, आणि दुसरे काहीच खायचे नाही. पेयातील प्रथिन काढलेले होते कत्तलखान्यातील कातडी, कंडरा अशा टाकाऊ भागांतून. अशा द्रव प्रथिनांवर आठवडेच्या आठवडे राहिलेल्या सुमारे साठ जणांच्या मृत्यूंची नोंद पुढे झाली. त्यांतील अनेकांचे हृदय अचानक बंद पडले होते. कोलॅजनपासून केलेल्या या प्रथिनात शरीराला आवश्यक असलेले ट्रिप्टोफॅन नव्हते, आणि शरीराला लागणारे क्षारही त्या आहारात पुरेसे नव्हते. आज रुग्णालयातून दिला जाणारा द्रव आहार याच अनुभवानंतर घडला आहे. त्यात प्रथिनांचा दर्जा, क्षार, जीवनसत्त्वे आणि मुदत हे सर्व ठरवलेले असते. मात्र कोलॅजनची पूड केस आणि त्वचेसाठी म्हणून पुन्हा बाजारात आली आहे. ती प्राणिजन्य तर आहेच, शिवाय प्रथिन म्हणूनही अपुरी आहे. स्वस्त मिळते म्हणून कोणी ती द्रव आहारात वापरू नये.

पंधरा मिनिटे, दोन चमचे

स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी या शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात आणि एक अरुंद नळी शिल्लक ठेवतात. तिच्यात १०० ते १५० मिलिलिटर मावते. गॅस्ट्रिक बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाला जेमतेम ३० मिलिलिटरची पिशवी बनवून ती आतड्याला जोडतात. दोन्हींत जठराच्या कडा बारीक टाक्यांनी बंद केलेल्या असतात. ही शिवण पक्की होईपर्यंत तिच्यावर ताण येऊ नये, घन अन्नाचा कण अडकून उलटीचा जोर बसू नये, यासाठी नंतरचा द्रव आहार असतो. पहिल्या एक-दोन दिवसांत नितळ द्रव, म्हणजे पाणी, गाळलेले सार, पातळ गाळलेले ताक. त्यानंतर दुसऱ्या आठवड्याच्या अखेरपर्यंत दूध आणि प्रथिनयुक्त पेये. पुढे दोन आठवडे वाटून एकजीव केलेले अन्न, मग मऊ अन्न, आणि सहा ते आठ आठवड्यांनी साधा आहार. प्रत्येक रुग्णालयाचे वेळापत्रक थोडे वेगळे असते. शेजारच्या पेढीवरील स्नेह्यांनी दहाव्या दिवशी खिचडी खाल्ली, हा आपल्यासाठी नियम होऊ शकत नाही.

या काळात सर्वांत अवघड वाटते ते पाणी. आतून सूज असल्याने नेहमीसारखा एक मोठा घोट घेतला तरी छातीच्या मध्यभागी कळ येते. भुकेची जाणीव देणारे घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः जठराच्या काढलेल्या भागात तयार होत असते, त्यामुळे भूक जवळपास नाहीशी होते आणि तहानही पुष्कळदा जाणवत नाही. परिणामी रुग्ण दिवसभर पडून राहतो, "काही नको" म्हणतो, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी चक्कर, गडद लघवी, मळमळ सुरू होते. मळमळीमुळे पाणी आणखी कमी जाते. शस्त्रक्रियेनंतर पुन्हा रुग्णालयात दाखल होण्याच्या नेहमीच्या कारणांपैकी हे एक आहे, आणि ते टाळणे बरेचसे घरच्यांच्या हाती असते.

आता हिशेब. दिवसाला किमान दीड लिटर द्रव पोटात जायला हवे. सुरुवातीचे जठर दर पंधरा मिनिटांना सुमारे ३० मिलिलिटर, म्हणजे दोन मोठे चमचे, सुखाने घेते. म्हणजे तासाला १२० मिलिलिटर. दीड लिटरला साडेबारा तास लागतात, तेही एकही घोट न चुकवता, दुपारची झोप न धरता.

हा आकडा चौविहार पाळणाऱ्या घराने सूर्याच्या वेळांशी ताडून पाहावा. महाराष्ट्रात जूनमध्ये दिवस तेरा तासांहून अधिक मोठा असतो; सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत घोट चालू राहिले तर दीड लिटरचा मेळ कसाबसा बसतो. डिसेंबरमध्ये दिवस अकरा तासांचा. त्यात नवकारसीचे पच्चक्खाण असेल तर सूर्योदयानंतरची आणखी ४८ मिनिटे वजा होतात. उरतात दहा तास आणि काही मिनिटे. घोट एकही न चुकता बाराशे मिलिलिटरच्या आसपासच जाते, आणि दररोज तीनशेची तूट राहते. निरोगी माणूस ही तूट सहज सोसतो. नुकत्याच शिवलेल्या जठराच्या माणसाला ती चार-पाच दिवसांत भोवते. शिवाय मूळ तेरा तासांतही एखादी उलटी झाली, दोन तास डोळा लागला, की हिशेब कोसळतो. म्हणून पहिले काही आठवडे रात्रीही पाणी आणि औषध चालू ठेवावे, असेच शल्यचिकित्सक सांगतात.

शास्त्रात याला वाट नाही असे नाही. अशन, पान, खादिम आणि स्वादिम या चारही आहारांचा त्याग म्हणजे चौविहार. पाणी मोकळे ठेवून उरलेल्या तिन्हींचा त्याग म्हणजे तिविहार. ज्यांना रात्रीचा नियम पूर्णपणे सोडणे जड जाते, त्यांना तिविहार हा पिढ्यान्‌पिढ्यांचा मान्य मार्ग उपलब्ध आहे. रात्रीच्या औषधाचा प्रश्न उरतो. पच्चक्खाणात आगार ठेवलेले असतात, आणि त्यांतील सर्वसमाधीचा आगार आजारपणाच्या प्रसंगासाठीच आहे. संप्रदायागणिक आचारात भेद असतो, तेव्हा आपल्या गुरुभगवंतांना शस्त्रक्रियेच्या आधी भेटून, आहाराचा कागद समोर ठेवून विचारावे. रुग्णालयात शुद्धीवर आल्यानंतर, कोरड्या जिभेने, "रात्री पाणी घेऊ की नको" या संभ्रमात माणसाला टाकणे योग्य नव्हे. उकाळलेल्या पाण्याचा नियम मात्र अजिबात अडसर होत नाही. घरून थर्मासमध्ये नेलेले कोमट पाणी सुजलेल्या जठराला थंड पाण्यापेक्षा बहुधा अधिक मानवते.

घोट मोजण्यासाठी महागडे साधन लागत नाही. ३० मिलिलिटरची एक छोटी स्टीलची वाटी, भ्रमणध्वनीवर पंधरा मिनिटांचा गजर आणि वहीत रेघा. व्यापाऱ्याच्या घरात रोजमेळ लिहायला कोणाला शिकवावे लागत नाही. दिवस मावळताना वहीत पन्नास रेघा आहेत की बत्तीस, यावरून रुग्ण "बरा आहे" की नुसता "बरा आहे" म्हणतो आहे, हे कळते. स्ट्रॉ वापरू नये, कारण तिच्यावाटे हवा जाते. सोडा, गोड सरबते, उसाचा रस वर्ज्य. बायपास झालेल्या व्यक्तीला साखरेचे पेय घेतल्यावर घाम, धडधड आणि जुलाब यांचा झटका येऊ शकतो.

स्वयंपाकघरातील कसोटी

पाण्यानंतरचा मोठा प्रश्न प्रथिनांचा. दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रथिने हवीत, आणि तीही पातळ स्वरूपात. येथे आपल्या घरातील दोन जुने विश्वास उपयोगी पडत नाहीत. पहिला, डाळीच्या पाण्याचा. वरणावरचे नितळ पाणी आजाऱ्याला ताकद देते असे आपण मानत आलो. परंतु डाळीतील प्रथिन खाली बसलेल्या गाळात राहते आणि वरच्या पाण्यात त्याचा अंशच उतरतो. पहिल्या दोन दिवसांच्या नितळ द्रवासाठी ते उत्तम, पुढच्या दहा दिवसांचा आधार म्हणून निरुपयोगी. दुसरा, पनीर केल्यावर उरणाऱ्या निवळीचा. डब्यावर 'व्हे प्रोटीन' वाचून काही घरांत ही निवळीच पाजली जाते. दोन्हींचे मूळ एकच असले तरी घरच्या निवळीत प्रथिन अत्यल्प असते. डब्यातील पूड हे त्याच द्रवाचे कितीतरी पटींनी आटवलेले, गाळलेले रूप आहे.

उपयोगी पडते ते दूध. २५० मिलिलिटर साय काढलेल्या दुधात सुमारे आठ ग्रॅम प्रथिन असते. त्यात दोन मोठे चमचे स्किम्ड दूध पावडर मिसळली तर आणखी पाच ग्रॅम मिळतात. असे चार पेले दिवसभरात घोटाघोटाने गेले तर ५२ ग्रॅमची सोय होते, आणि दीड लिटर द्रवांपैकी एक लिटरही त्यातच भरून निघते. ज्यांना दुधाने पोट बिघडते, आणि शस्त्रक्रियेनंतर हे काही काळ अनेकांच्या बाबतीत घडते, त्यांच्यासाठी दुग्धशर्करा काढून टाकलेले व्हे आयसोलेट असते. त्याच्या एका मापात साधारण २५ ग्रॅम प्रथिन मिळते. व्हे हे चीज बनवतानाचे उपउत्पादन. दूध फाडण्यासाठी वापरलेले रेनेट वासराच्या जठरातील की सूक्ष्मजीवांपासूनचे, हे कंपनीला विचारून घ्यावे. आज सूक्ष्मजीवांपासूनचे रेनेट बरेच वापरात आहे.

वाटाण्याच्या किंवा हरभऱ्याच्या प्रथिनाची पूड घेतली तर जैन स्वयंपाकघरात एक वेगळाच प्रश्न उभा राहतो, जो आहारतज्ज्ञांच्या कागदावर कधीच नसतो : द्विदल. कच्च्या गोरसात कडधान्य मिसळू नये हा नियम पाळणाऱ्या घरात सातूचे पीठ ताकात, किंवा वाटाण्याची पूड थंड दह्यात चालणार नाही. ती पाण्यात किंवा गाळलेल्या सारात मिसळावी. दूध-ताकच हवे असेल तर आधी व्यवस्थित तापवून. सुनेने नेटाने पेय बनवावे आणि सासऱ्यांनी नियमापोटी ते बाजूला ठेवावे, असे होऊ नये म्हणून हे आधी बोलून घेतलेले बरे.

वेष्टनावरील हिरव्या ठिपक्याने सर्व शंका मिटतात, असे समजू नये. तो ठिपका मांस, मासे, अंडी यांची ग्वाही देतो. दूध आणि मध यांना भारतीय नियमांत मांसाहारी मानलेले नाही, त्यामुळे हिरव्या ठिपक्याच्या पेयात मध असू शकतो. तयार सूपच्या पाकिटांत कांदा-लसणाची पूड जवळपास नेहमीच असते, बटाट्याचा स्टार्चही असतो. त्यापेक्षा घरचे दुधी-टोमॅटोचे सार, मुगाचे गाळलेले कढण बरे. मळमळीवर रुग्णालयात आल्याचा चहा सुचवला जातो. कंदमूळ न घेणाऱ्यांना सुंठ घातलेले कोमट पाणी तेच काम करते. औषधांवर तर हा ठिपका बंधनकारकच नाही. पुष्कळ कॅप्सूलचे कवच जिलेटिनचे असते, ड-३ जीवनसत्त्व साधारणतः मेंढीच्या लोकरीतील मेणापासून बनते, आणि रक्ताच्या गुठळ्या टाळण्यासाठी दिले जाणारे हेपॅरिन डुकराच्या आतड्यापासून. जीवनसत्त्वांच्या बाबतीत चघळण्याच्या गोळ्या, द्रव औषधे, वनस्पतिजन्य कवच असे पर्याय मिळतात. हेपॅरिनलाही फोंडापॅरिनक्ससारखे कृत्रिम औषध पर्याय आहे, परंतु ते कोणाला चालेल हे डॉक्टरांनीच ठरवायचे. हा विषय पहिल्याच भेटीत काढावा. शस्त्रक्रियेच्या सकाळी इंजेक्शन नाकारणे म्हणजे जिवाशी खेळ.

काही लक्षणे मात्र वहीत लिहीत बसण्याची नसतात. नाडी सतत वेगाने चालणे, ताप, वाढती पोटदुखी, डाव्या खांद्यात कळ, धाप लागणे ही शिवणीतून गळती होत असल्याची खूण असू शकते. अशा वेळी रात्र असो वा सणाचा दिवस, रुग्णालय गाठावे. वारंवार उलट्या होत राहिल्या तर ब-१ जीवनसत्त्वाचा साठा दोन-तीन आठवड्यांत संपतो. मग डोळ्यांसमोर दोन-दोन प्रतिमा दिसणे, तोल जाणे, बोलण्यात गोंधळ अशी लक्षणे उमटतात, आणि उशीर झाला तर मेंदूची हानी कायमची राहते. अशा रुग्णाला साखरेचे सलाईन लावण्याआधी ब-१ द्यावे लागते. म्हणून गावातील दवाखान्यात नेले तरी वजनाची शस्त्रक्रिया झाली आहे, हे पहिल्याच वाक्यात सांगावे.

पर्युषण

जूनमध्ये शस्त्रक्रिया झालेल्या व्यक्तीला पर्युषण किंवा दशलक्षण पर्व साधारण तिसऱ्या महिन्यात गाठते. तोवर वजन झपाट्याने उतरलेले असते, चेहरा उजळलेला असतो, माणूस गादीवर परतलेला असतो. उपाश्रयात सर्वजण पच्चक्खाण घेत असताना आपण मागे राहावे, ही बोच मोठी असते. "आता तर भूकही लागत नाही, अठ्ठाई सोपी जाईल," हे शब्द याच दिवसांत ऐकू येतात. भूक लागत नाही हे खरे, पण शरीराचा खर्च थांबलेला नसतो. स्नायूंचा साठा या काळात घटत असतो आणि केस गळण्याचा काळही हाच. पहिले वर्षभर तरी उपवास टाळावा, असा सल्ला साधारणपणे दिला जातो. एकासण्यातही अडचण आहेच. दिवसभराची प्रथिने एका बैठकीत लहान जठरात मावत नाहीत. आयंबिलमध्ये दूध-दही वर्ज्य असल्याने प्रथिनांचा मुख्य आधारच निघून जातो.

मग तपाचे काय? बाह्य तपाच्या सहा प्रकारांत अनशन पहिले असले तरी दुसरे ऊनोदरी आहे आणि चौथे रसपरित्याग. शस्त्रक्रिया झालेली व्यक्ती जन्मभर रोज पोटापेक्षा कमीच जेवते. मिठाई आणि तळलेल्या पदार्थांचा त्याग ती मनापासून स्वीकारू शकते आणि डॉक्टर त्याचे स्वागतच करतील. शस्त्रक्रियेने आलेली ऊनोदरी आणि स्वेच्छेने धरलेली ऊनोदरी एक नव्हेत, हे खरे. तो भेद गुरुभगवंतांशी बोलण्याचा विषय आहे.

पाचव्या-सहाव्या आठवड्यात, मऊ मुगाची खिचडी ताटात येते तेव्हा, एक लहानशी गोष्ट राहून जाते. पानात काही टाकायचे नाही आणि ताट धुऊन प्यायचे, हा संस्कार आपल्या घरांत लहानपणापासून मुरलेला असतो. रुग्ण तीन चमच्यांत तृप्त होतो, पण वाढलेली वाटी संपवण्यासाठी आणखी चार चमचे रेटतो आणि मग ओकतो. लगेच ताट धुऊन प्यायलेले पाणीही त्याला सोसत नाही, कारण जेवणानंतर अर्धा तास द्रव घ्यायचे नसते. यावर काही घरांनी साधा मार्ग काढावा. खिचडी मोठ्या वाटीत न वाढता दोन चमच्यांच्या मापाने वाढावी, हवी तर पुन्हा द्यावी. उष्ट्यात ४८ मिनिटांनंतर सूक्ष्म जीवांची उत्पत्ती होते असे आपण मानतो. अर्धा तास थांबून वाटी धुतली आणि ते पाणी घोट-घोट घेतले, तरी पंधरा-अठरा मिनिटे शिल्लक राहतात.